वरच्या खोलीतली बाई

कुही
१८ सप्टेंबर १९७४

जगाची घरं मोजणाऱ्या मधुमामाला, न मोजलेल्या भाचीचा नमस्कार.

तुझी तब्येत बरी असणार, कारण या महिन्यात कुत्रा चावल्याचं पत्र आलेलं नाही.

आमच्याकडची बातमी अशी की मी पसंत पडले. आई भेटेल त्याला हे अशा सुरात सांगते आहे की मी बी.ए. पुन्हा एकदा पास झालेय असं वाटावं. मुलाचं नाव अनंत. नागपुरात एका कचेरीत टायपिस्ट आहे. घर लकडगंजात, आणि स्वतःचं. 'स्वतःचं' म्हणताना आईचा आवाज देवघरात असल्यासारखा होतो. वडील चंपतराव एका लाकडाच्या वखारीत मुनीम आहेत. आई नाही.

मुलगा मला आवडला, हेही लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणी अंदाज बांधत बसायला नको. पाहायला आले तेव्हा बाकीच्यांनी मला पुरणपोळी येते का विचारलं. त्याने विचारलं, शाळेत कितवीला शिकवता? मी म्हटलं, चौथीला. तो म्हणाला, "मग जपून बोलावं लागणार." मला हसू आलं. त्याने मात्र लगेच वडिलांकडे पाहिलं आणि गप्प झाला. लाजला असेल.

रविवारी आई-बाबा घर पाहून आले. खाली तीन खोल्या. बैठकीत सोफा, डोक्यावर पंखा, कोपऱ्यात रेडिओ. वर माडीवर एक मोठी हवेशीर खोली. तिथे एक भाडेकरीण राहते, शिवणकाम करते. चंपतराव म्हणाले, "भाडेकरीन दिवाळी झाली का खोली सोडून राहिली. मंग ते खोली पोरा-पोरीची. घरात ना सासू ना नणंद. तुमची पोरगी राज्य करन राज्य!" तेव्हापासून आईच्या डोक्यात त्या खोलीचे पडदे शिवून तयार आहेत.

मामा, तुला सरकारी कामाने कुणाच्याही घरात शिरता येतं. आई-बाबांनी पाहिलं ते पाहुण्यांना दाखवलेलं घर. तू टेप घेऊन जा आणि खरं काय ते कळव.

तुझी,
तारा


नागपूर
३० ऑक्टोबर १९७४

पसंत पडलेल्या ताराला आशीर्वाद, आणि ज्यांनी तुला पसंत केलं त्या मंडळींना आगाऊ सहानुभूती.

उत्तराला उशीर झाला, कारण फेरआकारणी चालू आहे. दारोदार जायचं, भिंती मोजायच्या, भाडं किती येतं विचारायचं आणि त्यावरून घरपट्टी बसवायची. भाडेकरू असला की पट्टी वाढते. त्यामुळे माझ्या वॉर्डात भाडेकरू हा प्राणी उरलेलाच नाही. राहतात ते सगळे मावसभाऊ, आतेबहिणी आणि गावाकडचे काका. एका घरात रेल्वेतले एक तेलुगू गार्ड मालकाचे सख्खे मावसभाऊ निघाले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण माया फार.

परवा एकाने कोऱ्या शहाबादी फरशीवर शेणाने सारवून ठेवलं होतं, मातीचं घर लिहा म्हणून. त्यावरून घसरून मी आपटलो तेव्हा फरशी पक्की असल्याची खात्री झाली. दुसऱ्याने बैठकीत म्हैस बांधली होती आणि तो हात जोडून सांगत होता की हा गोठा आहे. म्हैस बिचारी भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बघत रवंथ करत होती. या नोकरीत सुख काय, असं तुझी मामी विचारते. सुख म्हणजे चहा. घरात जितकं जास्त लपवलेलं, तितकी चहात साखर जास्त. माझ्या वॉर्डात मला मधुमेह होणार हे नक्की.

आता तुझं सासर. परवा गेलो होतो. मी तुझा मामा आहे हे अर्थातच सांगितलं नाही.

चंपतराव फाटक्या बनियनवर दारात उभे होते. बैठकीत सोफा नाही, रेडिओ नाही. खाली पोतं अंथरलेलं. छताला पंख्याचा नुसता हूक. मी वर पाहिलं तर म्हणाले, "गरिबाले पंखा कायचा साहेब? देवाचा वारा हाय." घरपट्टी पंख्यावर आणि सोफ्यावर नसते, हे मी या शहराला सांगून सांगून थकलो. पण लोकांना वाटतं, साहेबाला दया आली की पट्टी कमी होते. त्यामुळे तुझ्या आईला दिसलेला सोफा त्या दिवशी शेजाऱ्याकडे होता. पाहुण्यांच्या वेळी शेजाऱ्याचा याच्याकडे होता की काय, ते देव जाणे.

मग माडीवर. खोली खरोखर चांगली आहे, दोन्हीकडून उजेड. शिवणाच्या मशीनवर एक पन्नाशीची बाई मान खाली घालून बसलेली. चंपतराव म्हणाले, "हे माई बहीन सिंधू. सख्खी! नवरा गेला तवापासून इथंच हाय. बहिणीपासून कोणी भाडं घेते का साहेब? सांग वं सिंधू." आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मालक रडताना मी पुष्कळ पाहिलेत, पण सोगा फार थोडे वापरतात. सिंधूताईंनी मान वर न करता मशीन चालूच ठेवलं. मी मनात म्हटलं, वा रे वा, आमच्या ताईला भाडेकरीण आणि मला बहीण! कागदावर पेन्सिलीने 'भाडेकरू' लिहिलं आणि उठलो.

अनंतबद्दल मात्र चांगलं लिहितो. टेपचं दुसरं टोक धरायला माझा शिपाई नत्थूजी असतो. पण त्यांच्या दारात कुत्रं होतं, आणि कुत्रं दिसलं की नत्थूजी टोक टाकून रस्त्यापलीकडे जातो. चंपतराव खाली कुत्र्याला आवरायला गेले, म्हणून अनंतने टोक धरलं. घरमालक टोक धरतात तेव्हा ते भिंतीच्या वीतभर अलीकडे असतं. या पोराने गुडघ्यावर बसून भिंतीला टेकवून धरलं, आणि टेप सैल पडली तर स्वतःहून ताणली. मी माणसं एवढ्यावरच पारखतो. सासरा नाटकी आहे, पण नवरा सरळ आहे. होकार दे.

मधुमामा


कुही
४ नोव्हेंबर १९७४

मामा,

पत्र वाचून आई चिडली आणि बाबा हसले. सोफ्याचा भाग आईने तीनदा वाचून घेतला. तिचं म्हणणं, टॅक्सवाल्यापुढे सगळेच तसं करतात, त्यात काय. म्हणजे तुझ्या सख्ख्या बहिणीचंही मत तुझ्या खात्याविरुद्ध आहे, हे लक्षात ठेव.

टेपची गोष्ट वाचून मला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. पण वरच्या खोलीतली ती बाई माझ्या डोक्यातून जात नाही. ती भाडेकरीण असेल तर दिवाळीनंतर दुसरीकडे खोली पाहील. बहीण असेल तर? मग 'ना सासू ना नणंद' म्हणताना घरात आत्या आहे हे कुणी का सांगितलं नाही? आणि ती दिवाळीनंतर जाणार कुठे? भाडेकरूला निदान पुढचा पत्ता असतो.

तू चंपतरावांना विचारलंस, अनंतला पारखलंस, कुत्र्याचीसुद्धा चौकशी केलीस. त्या बाईला तू काही विचारलंस का? माझ्या वर्गात मारामारी झाली की ज्याला लागलंय त्याला मी आधी विचारते. तुमच्या खात्यात बहुधा जो सगळ्यात मोठ्याने रडतो त्याला विचारायची पद्धत असावी.

तिच्या मशीनच्या जागी माझा पलंग पडणार आहे मामा. मला अनंत आवडलाय, म्हणूनच हे कळायला हवं. नावडता असता तर मी विचारलंही नसतं. परत जा.

तारा


नागपूर
१० नोव्हेंबर १९७४

चौथीच्या कडक बाईंना,

गेलो होतो. जिना मोजायचा राहिला, असं सांगून गेलो. चंपतराव वखारीत होते. कुत्रं होतं, त्यामुळे नत्थूजी नव्हता. सिंधूताई एकट्याच ब्लाउजला काजं करत बसल्या होत्या.

मी म्हटलं, "चंपतरावांच्या तुम्ही कोण?"

"बहीन."

"सख्खी?"

"एका मायच्या पोटचे."

मला माझंच हसू आलं. इतकी वर्षं खोटे नातेवाईक पकडले आणि एक खरा सापडला तर त्यालाच खोटा ठरवून आलो होतो. खोडरबर काढला आणि सहज म्हटलं, "म्हणजे भाडं देत नाही."

त्या म्हणाल्या, "काहून नाई? देते ना. पंधरा रुपये, दर महिन्याले."

माझा खोडरबर कागदावरच राहिला. त्यांनी विचारलं, "काहून जी, तुमच्या कागदात दोन्ही नाई बसत काय?"

नाही बसत, तारा. तसा रकानाच नाही. आमचा कागद करणाऱ्याने सगळा विचार केला होता, संडास किती, दारं किती, न्हाणीघर पक्कं की कच्चं; पण सख्ख्या विधवा बहिणीकडून भाडं घेणारा भाऊ त्याच्या डोक्यात आला नाही. चंपतरावांना मी नाटकी म्हटलं ते परत घेतो. असा मालक मला या नोकरीत भेटला नव्हता. ताईला सांगितलं भाडेकरीण, मला सांगितलं बहीण, आणि दोन्ही वेळा खरं बोलला.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अनंत आला. मला पाहून नमस्कार केला. मग हळूच म्हणाला, "आत्या, पाच तारीख होऊन गेली. बाबा विचारून राहिले." त्यांनी मशीनच्या खणातून पैसे काढून दिले. त्याने घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाला, "आत्या, साहेबांले चहा टाक ना वं." आवाज अगदी मायेचा. तो उद्धट बोलला असता तर बरं झालं असतं, निदान मला त्याचा राग तरी आला असता.

तो गेल्यावर त्यांनी चहा टाकला. पाठमोऱ्याच बोलल्या, "दिवाळी झाली का खोली खाली कर म्हणते. पोराचं लगन हाय. लगन व्हाले पायजे, मीच लहानाचा मोठा केला त्याले. पन कुठं जाऊ, ते कोनी नाई सांगत." मग कप माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "साहेब, तुमी मले काय लिहून राहिले?"

मी खरं ते सांगितलं. पेन्सिलीने भाडेकरू लिहिलंय, पण भाऊ बहीण लिहा म्हणतो, आणि तुम्ही बहीण आहात हेही खरं आहे.

त्या म्हणाल्या, "भाडेकरूच लिहा जी. बहिणीले निघ म्हटलं का निघा लागते. भाडेकरूले काढाले कोर्ट लागते."

मी तिथेच पेन काढून पेन्सिलीवर शाई फिरवली. दोन साक्षीदार लागतात, म्हणून ब्लाउज घ्यायला आलेल्या शेजारणीची सही घेतली आणि नत्थूजीला रस्त्यापलीकडून ओरडून बोलावलं. तो कुत्र्याला ओलांडून वर आला, एवढ्यावरून प्रसंग ओळख. चहात साखर बेताची होती.

मला फार वाईट वाटलं तारा, सरळच लिहितो. तू कोण आणि मी कोण, हे मी त्यांना सांगितलं नाही. खोलीबद्दल आणि मुलाबद्दल काय ठरवायचं ते तू ठरव. माझा 'होकार दे' तू टेपच्या हिशेबात धर. टेप भिंतीच मोजते.

मधुमामा


कुही
१४ डिसेंबर १९७४

मामा,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तुला वाटलं असेल की लग्नाची गडबड आहे. गडबड होती, पण वेगळी.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी अनंतला पत्र लिहिलं. लग्नाआधी मुलीने मुलाला परस्पर पत्र लिहायचं म्हणजे कुहीत आग लागल्यासारखंच, त्यामुळे पोस्टमास्तरांनी आधी बाबांना विचारलं आणि बाबा बिचारे "टाका" म्हणाले. लपवायचं नव्हतं, म्हणून घर मोजायला आलेले साहेब माझे मामा आहेत हेही लिहिलं. पुढे लिहिलं, मला तुम्ही आवडता. लग्न करू. वरची खोली मला नको, आपण खाली राहू. आत्यांनी तुम्हाला वाढवलंय, त्या वर राहतील, बहीण म्हणून, आणि भाडं उद्यापासून बंद. मी नागपुरात नोकरी पाहीन, घरखर्चाला हातभार लावीन. तुमचा होकार दोन ओळींत आला तरी चालेल.

उत्तर एका ओळीत आलं. कचेरीच्या मशीनवर टाइप केलेलं, समास सोडून, खाली तारीख. "आपले पत्र पोचले. बाबांना विचारून कळवतो."

मी तीन आठवडे वाट पाहिली. मला वाटलं, विचारेल, भांडेल, निदान एक ओळ हाताने लिहील. शेवटी चंपतरावांचं पत्र बाबांना आलं. मुलगी गुणी आहे, पण फार शिकलेली आहे आणि तिचा मामा सरकारी माणूस असून दगाबाज आहे. तुझ्या साहेबांकडेही त्यांनी तक्रार केली आहे म्हणे. माझ्यामुळे तुला त्रास, त्याची क्षमा माग म्हणते आई. मी मागत नाही. तूच म्हणशील, त्यात काय मागायचंय.

आई दोन दिवस जेवली नाही. पडदे शिवून तयार होते ना. तिसऱ्या दिवशी मात्र तिने मला विचारलं, "सख्खी बहीण गं?" मी म्हटलं, सख्खी. ती म्हणाली, "उद्या मधू माझ्याकडून भाडं घेईल का?" आणि मग जेवली. तुझ्याविषयी आमच्या घरात हा एक विश्वास आहे, तो टिकव.

मी रडले. वर्गात नाही, घरी. आवडला होता रे. आणि तू त्याच्याबद्दल लिहिलंस ते चूक नव्हतं. तो टोक खरंच सरळ धरतो. फक्त हातात कुणी दिलं आहे हे बघत नाही. तू दिलंस तर तुझं धरतो, बाबांनी दिलं तर बाबांचं. मी माझं देऊन पाहिलं, तर ते त्याने बाबांकडे नेऊन दिलं.

जूनमध्ये बी.एड.ला नागपूरला येणार आहे. अर्ज गेला. तुझ्या दोन खोल्यांत सहा माणसं, तेव्हा राहायची सोय कुठे ते बघून ठेव. होस्टेल झेपणार नाही.

तारा


नागपूर
१६ जानेवारी १९७५

बी.एड.च्या उमेदवार ताराला,

तुझा दगाबाज मामा खुशाल आहे. तक्रारीचा निकाल लागला आणि माझी बदली कळमन्याकडे झाली. भाचीच्या होणाऱ्या सासरी आकारणीला जाऊ नये असा नियम आहे म्हणे. नियम बरोबर आहे, मला माहीत होता. आता शहर संपतं तिथल्या गोठ्यांत जाऊन म्हशींचे गोठे लिहितो. इथल्या म्हशी निदान खरोखर गोठ्यात राहतात. नत्थूजी माझ्याबरोबर आलाय. इकडे कुत्री दुप्पट आहेत हे त्याला मी आधी सांगितलं नव्हतं.

चंपतरावांनी घरपट्टीवर घेतलेल्या हरकतीची सुनावणी मात्र झाली, आणि माझ्याऐवजी दुसऱ्या साहेबापुढे झाली, हे छान झालं. चंपतराव बहीण, बहीण म्हणत सोगा डोळ्याला लावून बसले होते. साहेबांनी सिंधूताईंना विचारलं, भाडं देता का? त्या म्हणाल्या, देते. शेजारीण हो म्हणाली. साहेबांनी अनंतला विचारलं. त्याने आधी वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मीच आणून देतो." त्याने हे कुणाच्या बाजूने सांगितलं ते त्यालाही कळलं नसावं. पण नोंद कायम झाली. घरपट्टी वाढली, आणि आता वरची खोली सहज खाली होत नाही. चंपतरावांनी पंखा परत लावला म्हणे. लपवायला काही उरलं नाही.

संक्रांतीला सिंधूताई मला शोधत नव्या कचेरीत आल्या. पुडीत तिळाच्या वड्या होत्या. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "खोली नको म्हननारी ते पोरगी तुमची कोन?"

"भाची," मी म्हटलं.

"अनंताने मले तिचं पत्र वाचून दाखवलं. मग लय वेळ बसला होता माया मशीनजवळ." पुडी माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "सोन्यासारखी पोरगी गेली त्याच्या हातची. मीच त्याले ऐकाले शिकवलं लहानपनी. बोलाले शिकवाचं राहूनच गेलं."

तू जूनमध्ये शिकायला येणार आहेस आणि आमच्याकडे जागा नाही, हे माझ्या तोंडून निघून गेलं. त्या उठल्याच. "मंग माया इथं राहील ते. मशीन भिंतीले सरकवते. भाडं नाई लागत."

खाली चंपतराव, वर तू, आणि जिन्यात रोज अनंत. ऐकूनच मला घाम फुटला. सुटका व्हावी म्हणून मी खात्यातली शंका काढली. म्हटलं, "मावशी, उद्या नवा साहेब मोजायला आला तर काय सांगाल? विनाभाडं राहणारी ही कोण?"

त्या म्हणाल्या, "भाची हाय म्हनीन."

माझ्या वॉर्डात अशा भाच्या मी शेकडो खोडल्या आहेत. नवा साहेबही खोडेल, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही खोडली असती. तरी तू ट्रंक घेऊन ये. दारात कुत्रं आहे, त्याला बघून पळू नकोस. वड्या पाठवतो आहे, त्यातल्या चार ताईला दे आणि सांग, पडदे तसेच ठेव, त्या खोलीला दोन खिडक्या आहेत.

मधुमामा